तारवेल्लीची हिरवी गाडी

लोक दुबईकडे जातात ते सोनं घ्यायला, नाहीतर नोकरी करायला. मी गेले ती एका जुन्या इटालियन गाडीपायी. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, आणि रस्त्यावरून जाणारी गाडी कुठल्या कंपनीची हे मी आजही रंगावरून ठरवते. त्यामुळे शेजारणीनं "तुला गं काय कळतं त्यातलं?" असं विचारलं तेव्हा मी बॅगेत साड्या भरत राहिले.

नव्व्याण्णव सालचा फेब्रुवारी. पुण्याच्या एका स्कूटर कारखान्यातून मी नुकतीच निवृत्त झाले होते. कारखान्याची जुनी यंत्रं इटलीहून आलेली, आणि त्यांच्यासोबत आलेले ढीगभर इटालियन कागद इंग्रजीत आणण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी इटालियन शिकले ती पिस्टन आणि गॅस्केटपासून. रेस्टॉरंटात जेवण कसं मागवायचं ते फार नंतर कळलं. सुरुवातीच्या वर्षांत कारखान्यात इटालियन फोरमन असायचे, जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली बसून मोठमोठ्यानं भांडायचे. ते परत गेल्यावर ती भाषा बोलायला मला कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचं मला वाटत होतं त्याहून जास्त वाईट वाटायचं.

अशात शारजाहून धाकट्या भावाचा फोन आला. सुधीर तिथं एका अरबी व्यापाऱ्याकडे अकाउंटंट आहे.

"ताई, इटालियन विसरली नाहीस ना?"

"विसरायला कुणीतरी आधी बोलायला हवं ना."

"मग ये. तिकीट अरबाब देतोय."

अरबाब म्हणजे मालक. सुधीरच्या मालकाला सगळे अबू सैफ म्हणत. त्यांनी तरुणपणी युरोपातल्या एका मोटार प्रदर्शनात तारवेल्ली नावाच्या अगदी छोट्या इटालियन कारखान्याची हिरवी गाडी पाहिली आणि तिथल्या तिथं मागवली. ती इकडे पोचली आणि पाठोपाठ तो कारखाना बंद पडला. आता इतक्या वर्षांनी कुणी युरोपियन दलाल येऊन, बॉनेट उघडून, हसून म्हणाला होता की ही तारवेल्ली राहिलेलीच नाही, ही नकली आहे. अबू सैफना ते फार लागलं. कारखाना काढणाऱ्याची मुलगी इटलीत हयात आहे असा शोध लागला, तेव्हा त्यांनी तिलाच बोलावून घेतलं. ती सांगेल ते खरं. पण तिला इटालियनखेरीज काही येत नव्हतं, म्हणून मी.

शारजा

दुबईत काम करायचं आणि भाडं परवडतं म्हणून शारजात राहायचं, असं सुधीरच्या सगळ्या मित्रांचं होतं. सुधीरचं ऑफिस शारजातच, त्यामुळे तो स्वतःला फार नशीबवान समजायचा. संध्याकाळी गॅलरीतून मला तो दुबईहून येणाऱ्या गाड्यांची न हलणारी रांग दाखवायचा, आपल्याकडे पाहुण्याला सूर्यास्त दाखवतात तसा.

दुसऱ्याच दिवशी मी खाली खुब्झ आणायला गेले. खुब्झ म्हणजे तिथली गरमागरम रोटी, तव्याएवढी मोठी. दुकानदारानं एक दिरहम घेतला, मी मनात अकरा रुपये म्हटलं आणि हळहळले. परत येताना शेजारच्या, हुबेहूब तसल्याच इमारतीत शिरले, चौथ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं म्हणून सरळ आत गेले आणि ओट्यावर रोट्या ठेवून सुधीरच्या बायकोला हाक मारत "मेधा, चहा टाक गं" म्हणाले. आतून एक मल्याळी बाई आली. ती अजिबात दचकली नाही. तिनं चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर तिनंच मला आमच्या इमारतीत आणून सोडलं. माझी भाची ऋचा पोट धरून हसली. "आत्या, दॅट इज सो एम्बॅरसिंग," म्हणाली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही अडत नसे.

इंडस्ट्रियल एरिया

गाडी होती शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, अबू सैफच्या जुन्या गॅरेजमध्ये. पत्र्याच्या शेडची ओळ, टायरांचे डोंगर, प्रत्येक दारात एक उघडं बॉनेट आणि त्यात वाकलेली पाठ. आमच्या गॅरेजमधली पाठ याकूबभाईंची होती. हे दापोलीकडचे. रुवैसला तेलाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिथं मेकॅनिक म्हणून आले, आणि मग अबू सैफनी त्यांना शारजात आणलं ते आणलंच. पन्नाशीचे, सडपातळ, दाढी आखूड आणि पांढरी. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी हात पुसून आधी खुर्ची पुसली.

"बसा ताई. मराठी बोलायला मिळालं की जेवल्यासारखं वाटतं."

मग त्यांनी गाडीवरची चादर काढली. मला गाड्यांतलं कळत नाही हे मी सांगितलंच आहे. तरी मी उठून उभी राहिले. बुटकी, लांबट, खजुराच्या पानासारखी हिरवी, आणि पुढच्या चाकावरून निघालेली एक रेष मागच्या दिव्यापर्यंत न थांबता गेलेली. कुणीतरी एका श्वासात काढली असावी अशी.

"हिचं इंजिन इथल्या उन्हाळ्याला टिकायचं नाय," याकूबभाई म्हणाले. "सिग्नलला उभी राहिली की पाणी उकळायचं. तीनदा खोललं, चौथ्यांदा ब्लॉकच फुटला. कारखाना बंद, पार्ट कुठनं आणू? मग जपानी जीपचं बसवलं. डावा मडगार्ड एका टँकरनं घासला, तो नवीन केला. सीटचं कातडं उन्हानं तडकलं, तिथं रेक्झिन घातलं. चालली पाहिजे ना ताई. गाडी चालली नाय तर ती गाडी कसली?"

दर शुक्रवारी सकाळी ते ती धैदच्या रस्त्यानं वाळूच्या टेकड्यांपर्यंत नेऊन आणत. सतरा वर्षं. अबू सैफ स्वतः तिच्यात क्वचितच बसायचे.

त्याच दुपारी अबू सैफ आले. अंगात पांढरा शुभ्र, पायघोळ कंदुरा, हातात माळ, आवाज मऊ. ते जुनं गॅरेज सोडून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये नवी इमारत बांधत होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी हिशेब एकदम साफ सांगितला.

"असली निकला, तो नया शोरूम में रखेगा. काच के अंदर, एसी में. कोई हाथ नहीं लगाएगा. नकली निकला, तो मेरे को नहीं माँगता. याकूब, तुम ले जाओ. खलास."

ते गेल्यावर शेडमधली सगळी पोरं याकूबभाईंभोवती जमली. इंजिन जपानी, मडगार्ड शारजाचा, सीट रेक्झिनची. ती बाई काय म्हणणार हे कुणालाही दिसत होतं. गाडी याकूबभाईंची झालीच म्हणून पोरांनी मिठाईची वर्गणीसुद्धा काढली. सुधीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, चांगलं झालं. फक्त तू मध्ये काही गोड करून सांगू नकोस. इंजिनाचं नीट सांग. तेवढ्यानं काम होईल."

मी याकूबभाईंना विचारलं, "तुम्हाला हवी आहे का ती?"

"खोटं कशाला बोलू? हवीय." त्यांनी चादर पुन्हा घातली, कोपरे नीट ओढले. "ही शेड मीच भाड्यानं घेणार आहे. इथंच ठेवीन. पण ताई, तिला नकली म्हणू देऊ नका, जर तसं नसेल तर. सतरा वर्षं मी काय नकली गाडीचं करत होतो? आणि अरबाबनी मला काय कबूल केलंय ते त्या बाईंना अजिबात सांगू नका. बिचारी माझ्याकडे बघून बोलेल. तिला म्हणावं, जे दिसेल तेच बोला."

मी हो म्हटलं. सुधीर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी घरातलं सोनं वाटून टाकलं.

सिन्योरा

सिन्योरा म्हणजे बाईसाहेब. तारवेल्ली काढणाऱ्याची ही मुलगी ल्युचिया साठीची, ठेंगणी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि आवाज आमच्या फोरमनसारखा. विमानतळावर मी तिच्याशी पहिलं वाक्य बोलले तेव्हा तिनं मला थांबवलं.

"तुम्ही यंत्रासारखं बोलता," ती म्हणाली.

"यंत्रांकडूनच शिकले."

तिथून आमचं जमलं. रात्री जेवताना तिनं मला तारवेल्लीची सगळी हकीकत सांगितली. तिचे वडील आणि काका पत्र्याचं काम करणारे. युद्ध संपल्यावर गावोगाव लष्करी मोटारींचे सांगाडे पडले होते. त्यांचा पत्रा काढून हे दोघे पाववाल्यांच्या, दूधवाल्यांच्या गाड्यांना टप बांधून देत. मग कुणा श्रीमंताच्या मुलानं शर्यतीसाठी हलकी बॉडी मागितली. ती गाडी शर्यत हरली, पण दिसली इतकी देखणी की आणखी चौघांनी तसलीच मागितली. झाला कारखाना सुरू. कारखाना म्हणजे घरामागचं कोठार. लाकडाचा साचा, वाळू भरलेल्या पिशव्या, लाकडी हातोडे. सीटचं कातडं तिची आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवायची आणि शाळेतून आलेली ल्युचिया सुईत दोरा ओवून द्यायची. जेवायला सॉस आणि चामड्याचा वास एकत्रच यायचा.

वर्षभरात ते जेवढ्या गाड्या काढत तेवढ्या स्कूटर आमच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीआधी निघायच्या, असं मी म्हणाले. ती हसली, पण तिला ते जरा लागलं असावं.

"पेट्रोल महागलं आणि आमच्या तहानलेल्या गाड्या युरोपात कुणी घेईना," ती म्हणाली. "त्याच पेट्रोलानं इकडे पैसा आला, म्हणून शेवटची गिऱ्हाइकं इकडची. ही हिरवी सगळ्यात शेवटची. तिच्यावर कामगारांनी बिनपगारी काम केलं. ती गेली आणि बाबांनी कोठाराला कुलूप लावलं. मग मरेपर्यंत शहरातल्या बसगाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करत राहिले. कोठाराच्या जागी आता सुपरमार्केटचं पार्किंग आहे. आमच्या घरात त्या गाडीचा एक खिळासुद्धा नाही."

त्या रात्री मला आमचे लिंबाखालचे फोरमन आठवले, त्यांचे मळके हात, डब्यातल्या पोळीकडे बघून त्यांचं नाक मुरडणं आणि नंतर दोन दोन मागून खाणं. ते सगळे कुठे गेले असतील? माझ्या तरुणपणाची साक्ष देणारी माणसं ती, आणि त्यांची आडनावंही मला आता धड सांगता येत नाहीत. सिन्योराला निदान एक गाडी तरी उरली होती.

शुक्रवार

शुक्रवारी नमाजानंतर सगळे गॅरेजमध्ये जमलो. जेवण याकूबभाईंच्या घरून आलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं तिखट आणि गोडाला सांदण. कागद पसरून जमिनीवरच बसलो. सिन्योरानं मासा असा सफाईनं खाल्ला की काटा चित्रात काढल्यासारखा उरला. सांदण तिनं तीनदा घेतलं आणि माझ्याकडून कृती विचारली. मला ती येत नव्हती, मी याकूबभाईंना विचारलं, त्यांनाही येत नव्हती.

मग चादर निघाली.

सिन्योरा गाडीच्या उजव्या बाजूनं गेली, पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसली आणि मडगार्डच्या आत, वरच्या अंगाला हात घातला. डोळे मिटले. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्याला आतून हातोड्याचे घाव तसेच असतात, हे मला तेव्हा कळलं. ती बोटांनी ते घाव चाचपत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मलाही रडू आलं. कारण विचारलं असतं तर मी मासा तिखट होता म्हणाले असते.

मग ती डाव्या बाजूला गेली. तसाच हात आत घातला आणि थांबली.

"हे बाबांचं नाही."

मी भाषांतर केलं. पोरांनी एकमेकांना कोपर मारलं.

"कुणी केलं?"

"मी," याकूबभाई म्हणाले. "वाळूची पिशवी घेऊन, लाकडी हातोड्यानं. मुंबईत शिकलो होतो."

"डावखुरा आहेस?"

"हो."

"कळतंय. घाव सगळे उलट्या बाजूनं आलेत." तिनं त्यांचा हात धरून उजव्या मडगार्डच्या आत नेला, मग डाव्या. दोघेही तिथं उकिडवे बसून चाचपत राहिले.

अबू सैफनी माळ खिशात घातली. "मॅडम को इंजिन दिखाओ."

याकूबभाईंनीच बॉनेट उघडलं. मी सगळं सांगितलं. उकळणारं पाणी, फुटलेला ब्लॉक, जपानी जीप. काही गोड केलं नाही, काही कडू केलं नाही. सिन्योरा वाकून बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. असं हसणं की तिला मडगार्डचा आधार घ्यावा लागला.

"माझ्या बाबांनी आयुष्यात एकही इंजिन बनवलं नाही," ती म्हणाली. "त्यांना यायचंच नाही. इंजिन अमेरिकेहून खोक्यात यायचं. एकदा तिकडे संप झाला तर त्यांनी एका गाडीत दुधाच्या ट्रकचं बसवलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, हे खास तुमच्यासाठी. हे मागचे दिवे बघा, ट्रकचेच आहेत. दाराची आतली कडी एका फ्रिज बनवणाऱ्याकडची. आमचं काय होतं? पत्रा आमचा, आणि मिळेल त्यात गाडी चालती करायची खोड आमची."

मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. याकूबभाईंनी आतल्या कडीकडे असं पाहिलं की सतरा वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच दिसली.

"तो असली है या नकली?" अबू सैफनी विचारलं.

सिन्योरा याकूबभाईंकडे वळली. मी तिच्या कानाशी म्हणाले, "त्यांचं तुम्हाला एकच सांगणं आहे. जे दिसेल तेच बोला." एवढं सांगायची मला परवानगी होती. त्यापुढचं माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं.

"उजवी बाजू बाबांची," ती म्हणाली. "डावी याकूबची. इंजिन कुणाचंही असो. गाडी तारवेल्ली आहे. शंभर टक्के."

"अलहमदुलिल्ला," अबू सैफ म्हणाले. ते उठले, त्यांनी याकूबभाईंना मिठी मारली, सिन्योराला वाकून मान दिला आणि तिथंच फोन लावला. गाडी न्यायला ट्रक यायला सांगितला. यल्ला, म्हणजे चला, आजच.

"मबरूक, अरबाब," याकूबभाई म्हणाले. म्हणजे अभिनंदन.

मेधानं घरून पिशवी आणली होती. बापाच्या घरचं एवढंच काय ते उरलंय, तर हेच तिचं माहेर, असं तिचं म्हणणं. गाडीजवळ उभं करून तिनं सिन्योराला कुंकू लावलं आणि तिच्या स्कार्फमध्ये तांदूळ, नारळ, खण घालून ओटी भरली. सिन्योरानं हे काय म्हणून विचारलं. माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, मी म्हणाले. तिनं स्कार्फ पोटाशी धरला.

ट्रक आला तेव्हा ड्रायव्हर गाडी चढवायला पुढे झाला. याकूबभाईंनी त्याला हातानंच थांबवलं. स्वतः बसले, एका दमात फळीवरून वर चढवली, हँडब्रेक ओढला आणि थोडा वेळ तसेच बसले. इंजिन चालूच होतं. मग बंद केलं. खाली उतरून चावी अबू सैफच्या हातात दिली आणि नळावर जाऊन साबणाच्या पावडरीनं हात धुतले. पोरांपैकी कुणी वर बघत नव्हतं.

"वाईट वाटतंय ना?" मी विचारलं.

"वाटतंय की. पण नकली म्हणवून घेतली असती, तर रोज चादर काढताना वाटलं असतं. हे एकदाच वाटेल." मग ते शेजारी उघड्या पडलेल्या पिकअपच्या बॉनेटमध्ये वाकले.

दुबईचा रस्ता

सिन्योराचं विमान संध्याकाळचं होतं. सुधीर चालवत होता, आम्ही दोघी मागे. शुक्रवार असूनही रस्ता तुंबला होता. ती खुशीत होती, ओटीतला नारळ मांडीवर फिरवत होती.

"आता बाबांची गाडी काचेत राहील. याकूबला आनंद झाला असेल ना? पण तो असा का उभा होता?"

निर्णय झाला होता, ट्रक गेला होता. माझा शब्द संपला असं मी धरलं आणि तिला सगळं सांगितलं. नकली ठरली असती तर गाडी त्याचीच होती, आणि हे सांगू नका असं त्यानंच बजावलं होतं.

तिनं नारळ खाली ठेवला. "गाडी वळवा," ती म्हणाली. "मी जाऊन सांगते, मी खोटं बोलले. नकली आहे. एक घाणेरडी, नकली गाडी आहे."

"काय म्हणतायत?" सुधीरनं आरशातून विचारलं. मी सांगितलं. आणि माझा हा भाऊ, एकाच लेनमध्ये नाकासमोर चालणारा अकाउंटंट, त्यानं खरोखरच इंडिकेटर दिला. डावीकडच्या गाड्या जागा देईनात. तो काच खाली करून हात दाखवत राहिला, हबीबी, हबीबी म्हणत. शेवटी एका टॅक्सीवाल्यानं थांबून वाट दिली.

तेव्हा सिन्योरानं पुढे वाकून सुधीरच्या खांद्यावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "त्यानं माझ्याकडे एवढंच मागितलं होतं."